पहिले एकवीस दिवस आणि बापाचा कागद

बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी, असं जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 सांगतो. बारसं बाराव्या दिवशी करावं, असं घर सांगतं. पण दवाखाना मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरी सोडताना, नोंदणीचा फॉर्म पुढे करतो. तेव्हा नाव ठरलेलं नसतं, बाळंतीण नीट उठून बसलेली नसते आणि बापाची दोन-तीन रात्रींची झोप झालेली नसते. अशा अवस्थेत भरलेला कागद मुलाला आयुष्यभर पुरतो. मी या सगळ्यातून नुकताच गेलो आहे, म्हणून जे लक्षात आलं ते लिहून ठेवतो. बाळंतपण आणि दूध पाजणं आईच्या वाट्याला येतं. कागद, धुणी, रात्रीचं थोपटणं आणि घरातल्या मोठ्यांशी बोलणं हे बापाने आपल्याकडे घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी फॉर्म. बाळ दवाखान्यात जन्मलं तर नोंद कळवण्याची कायदेशीर जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची असते, आणि घरी जन्मलं तर घरच्यांची. नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते, आपण राहतो तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्यांच्या मुलाची नोंद नाशिकला किंवा एखाद्या तालुक्याच्या नगरपालिकेत असते. पुढे दुरुस्ती निघाली तर त्याच कार्यालयात जावं लागतं. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होतं. वाटेत, गाडीत किंवा रुग्णवाहिकेत बाळ जन्मलं तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबते तिथे नोंद करायची असते. हा नियम फार थोड्यांना माहीत असतो.

फॉर्मचे दोन भाग असतात. एका भागातली माहिती दाखल्यावर उतरते: जन्मतारीख, लिंग, बाळाचं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मस्थळ, पत्ता. दुसरा भाग आकडेवारीसाठी असतो. त्यात आई-वडिलांचा धर्म, शिक्षण, व्यवसाय, आईचं लग्नाच्या वेळचं आणि आताचं वय, आजवर झालेली जिवंत अपत्यं, प्रसूती कशी झाली, बाळाचं वजन, गर्भारपणाचे आठवडे हे सगळं विचारतात. आईच्या व्यवसायाचा रकाना दवाखान्यातला माणूस न विचारता ‘गृहिणी’ लिहून मोकळा होतो. ती शेतात राबत असेल, शिवणकाम करत असेल, शिक्षिका असेल, तर तसं लिहायला सांगावं. या आकड्यांवरूनच राज्याला आपल्या बायांचं चित्र दिसतं.

चुका कुठे होतात ते सांगतो. दवाखान्यात फॉर्म बहुतेकदा केसपेपरवरून भरतात. माहेरच्या दवाखान्यात आईचं नाव माहेरच्या आडनावाने लागलेलं असतं आणि आधारवर सासरचं असतं, किंवा उलट. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. नाव कुठलंही चालेल, पण आईच्या बाकीच्या कागदांवर जे आहे तेच इथे हवं. दुसरी चूक अक्षरांची. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असतं. मराठीतली वेलांटी आणि श-ष आपण तपासतो, इंग्रजीतलं स्पेलिंग मात्र यंत्रावर सोडून देतो. ‘आरव’मध्ये सुरुवातीला ए एक की दोन, हे आपण ठरवून कागदावर लिहून दिलं नाही, तर समोरचा त्याच्या मनाने ठरवतो. तिसरी चूक पत्त्याची: जन्माच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन रकाने असतात, आणि दोन्हीकडे माहेरचा पत्ता पडतो. यावर उपाय एकच. फॉर्म पुढे जाण्याआधी त्याचा फोटो काढायचा, घरी बसून अक्षर न् अक्षर वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सांगायची. नोंद होण्याआधी खोडून लिहायला दोन मिनिटं लागतात. नोंद झाल्यावर तेवढ्यासाठीच प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि खेटे लागतात.

नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवून नोंद करता येते, आणि ते ठीकही आहे. नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणून घाईघाईत दवाखान्याच्या बाकावर नाव ठरवू नये. एकदा नाव लिहिलं गेलं की ते बदलणं हे कोरा रकाना भरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. एकवीस दिवसांची मुदत मात्र पाळायचीच. एकवीस दिवस उलटल्यावर तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठ निबंधकांची परवानगी, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असा चढ आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर नोंद झाली की सात दिवसांच्या आत पहिला दाखला मोफत मिळायला हवा.

याच दुरुस्तीने या कागदाचं वजन वाढवलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांसाठी जन्माची तारीख आणि जागा यांचा पुरावा म्हणजे हा दाखला. पूर्वी शाळा सोडल्याचा दाखला कामाला यायचा आणि गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली एक जून ही तारीख हजारोंच्या नावापुढे कायमची चिकटायची. ती सोय आता राहिलेली नाही. यातून राजकारणही उभं राहिलं आहे. 2025 मध्ये उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि वर्षानंतरच्या नोंदींची पद्धत कडक झाली. वाद कोणत्या धर्माच्या नावाने झाला हे सगळ्यांना माहीत आहे. पण कडक झालेल्या पद्धतीचा भार ऊसतोडीच्या फडात, वीटभट्टीवर, पालात जन्मलेल्या मुलांवरही पडतो. हंगामात कर्नाटकात गेलेल्या जोडप्याचं मूल तिथल्या गावात नोंदवायला हवं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या ओळखीत अशी माणसं असतील, तर बाळाला बघायला जाताना अंगडं-टोपडं न्यावंच, पण नोंद झाली का हेही विचारावं.

आता धर्माचा रकाना. पूर्वी ‘कुटुंबाचा धर्म’ असा एकच प्रश्न असायचा. नव्या नमुन्यात आईचा धर्म वेगळा आणि वडिलांचा वेगळा विचारला जातो. ज्यांचं आंतरधर्मीय लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं आहे, त्यांना आता दोघांचं खरं उत्तर लिहिता येतं. मात्र हे आकडेवारीच्या भागात जातं, दाखल्यावर छापलं जात नाही. आणि जात या फॉर्ममध्ये विचारतच नाहीत. फॉर्म भरणाऱ्याने जात विचारली, तर ‘तसा रकाना दाखवा’ म्हणावं. बाळाच्या दाखल्यावर धर्म नाही आणि जातही नाही, हे मला नीट वाचल्यावर कळलं, आणि बरं वाटलं.

कुठलाच धर्म लिहायचा नसेल तर? मुंबई उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी स्पष्ट सांगितलं आहे की कुठल्याही फॉर्ममध्ये धर्म जाहीर करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे वाक्य आदराने, आवाज न चढवता सांगितलं की पुरतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती ठामपणे लिहावी. ज्यांच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली, त्यांच्या घरात ‘बौद्ध’ हा शब्द लिहिणं ही मोठी गोष्ट असते, आणि तिथे सवयीने ‘हिंदू’ लिहिलं जात असेल तर ते थांबवायलाच हवं.

जातीचं मात्र असं सोडून देता येत नाही, आणि इथे बापाने भावनेच्या भरात चूक करू नये. मुलाला मोठेपणी आरक्षणाचा हक्क सिद्ध करावा लागला, तर पडताळणी समिती जुने पुरावे मागते: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. म्हणजे आज जन्मलेल्या मुलाचे कागद पणजोबांच्या नोंदीत असतात. गाव नमुना क्रमांक 14, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, कोतवालाने नावापुढे जात लिहिलेली असते. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा याच वह्या तहसील कार्यालयांतून बाहेर निघाल्या, कित्येक मोडी लिपीत, कडा झडलेल्या. एका कोतवालाच्या अक्षरावर शंभर वर्षांनी घरंच्या घरं विसंबून राहतात. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुनी नक्कल, वडिलांचं जात वैधता प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती मुलाच्या फाइलमध्ये आत्ताच ठेवाव्यात. ती माणसं आणि त्या पेट्या असेपर्यंतच ते मिळतं. आम्ही जात मानत नाही म्हणून कागद फेकून देणं हा निर्णय आपल्या हक्कांपुरता ठीक आहे. मुलाच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार बापाला नाही.

येत्या जनगणनेत हा प्रश्न घरी येणारच आहे. 1931 नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजली जाणार असून तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा पाळण्यातल्या बाळाचंही उत्तर कुटुंबातला कुणीतरी देईल. ते काय असावं, हे आई-बापांनी त्याआधी बोलून ठरवलेलं बरं, नाहीतर दार उघडेल तो सांगेल.

नावाचं राजकारण याहून जवळचं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्राच्या शासकीय कागदांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशी लिहायची आहेत. शाळेच्या हजेरीपासून शिधापत्रिकेपर्यंत सगळीकडे हाच क्रम. चार शब्दांचं नाव लांब होतं ही तक्रार मी पुष्कळ ऐकली. मला हा बदल मनापासून पटतो. नऊ महिने पोटात वाढवणारीचं नाव कागदावर मध्येच कुठेतरी असावं यात लांबीचा प्रश्न येतो कुठे? सांभाळायचं एवढंच की जो क्रम, जी अक्षरं पहिल्या कागदावर, तीच सगळ्या कागदांवर. पालकत्वाच्या कायद्यातही 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की आई ही वडिलांच्या मृत्यूनंतरचीच पालक असते असं नाही. त्यामुळे बँकेत किंवा शाळेत ‘वडिलांचीच सही हवी’ म्हणाले तर बापानेच आईची सही पुढे करावी.

मुलीचं नाव ठेवताना आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवते. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली. नको असलेली, म्हणून नकुशी. गर्भलिंगनिदानावर 1988 साली देशात सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्रानेच, आणि तरीही ही नावं ठेवली गेली. मुलगी झाली असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल, वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर ‘लेक लाडकी’ योजनेचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींना जन्मावेळी 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000 रुपये, असे एकूण 1,01,000 मिळतात. त्यासाठीही पहिला कागद तोच: जन्मदाखला.

घरातल्या धर्माकडे वळतो. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर दिवा, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि रात्र जागवतात. कित्येक मुस्लिम घरांत जन्मताच कानात अजान देतात, सातव्या दिवशी अकीका करून जावळ काढतात. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्मा असतो, बौद्ध घरांत त्रिसरण-पंचशील म्हणून नामकरण होतं, सत्यशोधक घरं भटजीशिवाय नाव ठेवतात. हे सगळं चालू असताना नवा बाप कोपऱ्यात उभा असतो, आणि कशाला हो म्हणायचं, कशाला नाही, हे त्याला उमगत नाही. मी धरलेली रेघ अशी: बाळाच्या भोवती जे होतं त्याला हो, बाळाच्या शरीरात किंवा कातडीवर जे जातं त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

या रेघेने भांडणं फार कमी होतात. सटवाईचा दिवा, पाळणा, घुगऱ्या, कुंची, आत्याने कानात केलेलं कुर्रर्र, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ हे सगळं भोवतीचं. त्यात आनंद आहे आणि आजीचा मान आहे. नास्तिक बापानेही तिथे हसत उभं राहावं. फक्त बाळाला हाताळणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावेत, सर्दी-खोकला असलेल्याने लांबून बघावं, आणि धुरी त्या खोलीत नको. बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करणं तर घातक आहे, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

शरीरात जाणाऱ्या गोष्टींत पहिला येतो मध. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत अनेक घरांत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ती वाढतात. गुटीचं तसंच: सहाण, तिच्यावरचं पाणी आणि उगाळणाऱ्याचा हात यांतून जुलाब होतात, आणि वेखंड-जायफळाचे किती वळसे पोटात गेले हे कुणालाच सांगता येत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट पिवळसर चीक पिळून टाकायला सांगणारी माणसं अजून आहेत. तो थेंबभर असला तरी पाजायचाच. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं तेल फुप्फुसात उतरतं. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की पाच ते पंधरा दिवसांत आपोआप गळते. काजळ डोळ्यांत नको, काही काजळांत शिसं असतं. आजीला वाईट वाटत असेल तर तळपायाला तीट लावू द्यावी, दृष्ट तिथूनही निघते असं बऱ्याच आज्या मान्य करतात. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. त्याला परंपरा म्हणून मान देण्याचं काही कारण नाही. तिथे बाळ उचलून थेट दवाखाना गाठायचा.

मोठ्यांना हे सांगायचं कोणी? बायकोची आई असो की आपली, बोलायचं बापानेच. ओल्या बाळंतिणीला सासूशी किंवा आईशी वाद घालायला लावणं निर्दयपणाचं आहे. आणि बोलण्याची वेळ बारशाच्या दिवशी नसते, ती सातव्या महिन्यात, ओटीभरणाच्या सुमारास असते. बाळ नसताना माणसं शांतपणे ऐकतात. डॉक्टरांच्या तपासणीला एकदा आजीलाच बरोबर न्यावं. आपल्या दहा वाक्यांपेक्षा तिने स्वतः ऐकलेलं एक वाक्य जास्त टिकतं.

बापाची वही हे माझ्या मते सगळ्यात उपयोगी साधन. साधी शाळेची वही, रकाने चार: वेळ, दूध, शू, शी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं अपेक्षित असतं. शू पहिल्या दिवशी एकदा-दोनदाच होते, पाचव्या दिवसापासून किमान सहा वेळा व्हायला हवी. शी आधी काळी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी. वजन पहिल्या आठवड्यात उतरतं, ते जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरायला नको, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं. ‘दूध पुरत नाही’ असं कुणी म्हणालं की ही वही उघडायची. शू आणि वजन ठीक असेल तर दूध पुरतंय. नाहीतर शेजारणीच्या एका वाक्यावर घरात पावडरचा डबा येतो, बाळ कमी ओढायला लागतं आणि मग दूध खरंच कमी होतं.

कावीळ दिवसाच्या उजेडात बघायची. बाळाची कातडी बोटाने दाबून सोडली की खालचा रंग दिसतो. पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांतच दिसला, किंवा नंतर तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन प्यायचं थांबलं, तर त्याच तासाला डॉक्टर. कोवळ्या उन्हात धरून ती कावीळ जात नाही, आणि वाट बघण्यात मेंदूला इजा होऊ शकते.

लसींचं कार्ड बापाच्या पाकिटात असावं. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी, ही शेवटची चोवीस तासांच्या आत. दवाखान्यात सगळे गडबडीत असतात, म्हणून घरी निघण्यापूर्वी कार्डावर तिन्हींची तारीख आहे का ते बघायचं. पुढे सहा, दहा, चौदा आठवडे. सरकारी केंद्रात हे मोफत मिळतं. लसीच्या रात्री बाळ रडतं, ताप येतो, त्या रात्री बापाने कामाची सुट्टी काढलेली असावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा पंधरा दिवस आहे, ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत असा हक्क देणारा कायदाच नाही. आईला 2017 पासून सव्वीस आठवडे आणि बापाला शून्य, यातून कायद्याने मूल कोणाचं काम मानलंय ते दिसतं. मतं मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारणारे बाप मला अजून भेटलेले नाहीत. माझ्या दारात येईल त्याला मी विचारणार आहे.

रात्रीची वाटणी अशी जमते. आई पाजते, त्यानंतर बाळ बापाच्या उघड्या छातीवर, वरून चादर, बाप जागा आणि मागे टेकून बसलेला. कमी वजनाच्या बाळाला तर ही ऊब औषधासारखी लागू पडते, आणि ती बापाच्या छातीतूनही मिळते. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी लागू द्यायची नाही, झोप अनावर झाली की बाळ त्याच्या जागी पाठीवर ठेवायचं. आईला सलग चार तास झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी घर वेगळं दिसतं. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, झोप मिळूनही झोपू शकत नसेल, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो पहिल्यांदा दिसतो तो शेजारी झोपणाऱ्याला.

दाखला हातात आला की प्रत काढण्यापूर्वी तो खिडकीपाशीच उभं राहून वाचावा: नाव, दोघांची नावं, तारीख, लिंग, दोन्ही भाषांतली अक्षरं. मग चार साक्षांकित प्रती, एक फोटो, आणि मूळ कागद लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पिशवीत. वहीच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक आणि नोंदीची तारीख लिहावी. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत, हा दाखला आणि आई किंवा बापाचं आधार लागतं. बाळाचा फक्त फोटो काढतात.